बेगडाच्या ढाली

चांदूरच्या बाजारात मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून बसली की अजूनही एखादी बाई दुसरीले कोपरानं ढोसते अन् म्हणते, हे पाय, ढालवाल्याची सून. मले ऐकू येते. माहे कान शाबूत आहेत. पयले मी तराजू खाली ठेवून भांडाले उठत होती, आता उठत नाही. म्हणू द्या. पण ज्यायनं नत्थुजीले कधी पाह्यलं नाही, त्यायनं त्यायच्या नावानं तोंड वाकडं करावं हे मले सोसत नाही, म्हणून सांगून राहिली. ऐकाचं तं धड शेवटपर्यंत ऐका.

नत्थुजी माहे सासरे. मी त्यायले मामाजी म्हणत होती. आमी माळी माणसं. गावाबाहेर ओढ्याच्या काठी आमचा मळा, एक विहीर, एक मोट अन् मोटेले लाखा-बांड्याची जोडी. लाखा तांबडा, बांड्या काळा-पांढरा. वांगी, मिरची, सांभार, अन् पोळ्या-दसऱ्याले झेंडू, एवढ्यावर घर चालत होतं. मामाजी बुटके, मानेनं जाड, अन् बोलाले असे कंजूस की माही सासू पार्वताबाई आल्यागेल्याले सांगे, याच्याशी बोलाचं असन तं आधी डोक्याले शिंगं लावून या. बैलाशी मात्र ते दिवसभर बोलत. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळेच बैलाचे खांदे कोमट तुपानं अन् हळदीनं शेकतात, उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. बाकीचे वर्षातून एकदा करतात. मामाजी रोज दिवस बुडता खांद्यावरून हात फिरवून पाहत, कुठी सोललं तं नाही.

त्यायचा एक नेम होता. बैल थांबला की आधी जू उतरवाचं, मंग आपण बसाचं. उभ्या बैलाच्या मानेवर उगीच जू ठेवणं त्यायच्या लेखी पाप होतं. माह्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या नदीवर पाणी प्याले थांबल्या, तं हा नवरदेवाचा बाप उठला अन् आपल्याच नाही, सगळ्यायच्याच गाड्यायचे बैल सोडून मोकळा झाला. पुन्हा जुंपता जुंपता मुहूर्त टळला. माहा बाप इतका तापला की पंगतीत बसेना. मामाजी शांत. म्हणाले, मुहूर्त उद्याही भेटते, बैलाचा खांदा सुजला तं काय करता. मी तवा मुंडावळ्याआडून हसली होती.

नवऱ्याचं नाव घ्याची आमच्यात रीत नाही. पण मी घेतलं नाही तं दुसरं घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून घेते. चंद्रभान. उंच, हाडकुळे, अन् बापानं जे जे बोलणं वाचवलं ते सगळं यायनं खर्च केलं. मोट हाकताना गाणं, भाकर खाताना गोष्ट, बाजारात गिऱ्हाइकाशी मस्करी. मामाजी वरून चिडत, पण हे एखाद्या दिवशी परगावी गेले की मामाजीले मळ्यात करमत नव्हतं, उगीच विहिरीभोवती फिरत राहत. एकच पोरगा. त्याच्या आधीचे दोन गेले होते.

तर आमच्या या घरात मास्तर आले अन् ढाली आल्या.

भगवंतराव मास्तर इकडचे नव्हते, पुण्याकडचे. अमरावतीच्या एका सरकारी शाळेत होते, ती नोकरी सोडून आमच्या गावात राहाले आले. मारुतीच्या पारामागं त्यायनं आखाडा काढला. लाठी शिकवत, फरीगदगा शिकवत, अन् अंधार पडला की माणसायले बसवून इतिहास सांगत. "मला" अन् "तुला" म्हणत, तं गावातले बाप्ये पयले तोंड दाबून हसत. पण माणूस सांगाचा मोठा गोड. शिवाजीचं सांगत, झाशीवालीचं सांगत, अन् सगळ्यायत रंगून सांगत ते सिकंदराच्या ढालाइतांचं.

हे आमच्या घरात रोज ऐकू येई, कारण आमचे हे जेवताना मास्तरचा शब्द न् शब्द परत सांगत. सिकंदराच्या फौजेत म्हणे पायदळाची एक खास तुकडी होती, ढाल घेऊन राजाच्या बाजूनं चालणारी. पुढं हिंदुस्थानाच्या वाटेवर राजानं त्यायच्या ढाली चांदीनं मढवून देल्ल्या, तवापासून त्यायचं नाव चांदीच्या ढालीवाले पडलं. सिकंदर मेला, त्याचे सरदार आपसात भांडाले लागले, तरी ही तुकडी मोडली नाही. साठीतले, सत्तरीतले बुढे. समोर नातवायच्या वयाची पोरं. अन् बुढे म्हणे कधी हरले नाहीत. का हरले नाहीत, तं ढालीमुळं. ढाल असते डाव्या हातात. अर्धी ढाल आपल्याले झाकते, अर्धी आपल्या डाव्या बाजूच्या माणसाले. म्हणजे प्रत्येकाचा जीव त्याच्या उजव्या शेजाऱ्याच्या हाती. एक जण सरकला की दुसरा उघडा पडला. सासूबाईनं हे सगळं ऐकलं अन् विचारलं, मंग जो अगदी उजव्या टोकाले उभा आहे त्याले कोण झाकते? हे म्हणाले, त्याले कोणीच नाही झाकत. सासूबाई म्हणाली, तिथं तू उभा राहू नको.

त्या वर्षी पोळ्यानंतर मास्तरच्या मनात आलं की आपणही ढाली करू. लोखंड कुठून आणाचं? माळ्याच्या घरी काय असते, जुनी मोट. फाटलेल्या मोटांचं चामडं भिजवलं, बांबूच्या गोल कड्यांवर ताणलं, मागं दोरीची मूठ बांधली. आमच्या अंगणात आठ दिवस असा वास सुटला की शेजारीण सकाळची ताकाले येईनाशी झाली. चामडं सुकल्यावर आमच्या यायनं वर बेगड चिकटवली. पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावून उरलेली बेगड, तीच. मंग काय, चांदीच्या ढाली. उन्हात अशा चमकत की पोराटोरायचे डोळे दिपत. गावानं नाव ठेवलं ढालवाले. तवा ते नाव कौतुकाचं होतं.

मास्तर माणसं रांगेत उभी करत. सगळ्यात वडील मामाजी. त्यायले मास्तर मधात उभं करून राहिले होते, पण मामाजीनं ऐकलं नाही. ते उजव्या टोकाले जाऊन उभे राहिले अन् पोराले आपल्या डाव्या हाताले ओढलं. मास्तरनं विचारलं, नत्थुजी, टोकाला काहीच आडोसा नसतो, तिथं का? मामाजी एवढंच बोलले:

"माह्या ढालीखाली माहं पोट्टं पाह्यजे."

त्या वर्षी तिकडं समुद्रावर लोकायनं मीठ उचललं होतं. आमाले समुद्र नाही, रान आहे. राखीव रानातलं गवत कापाले बंदी, म्हणून वऱ्हाडात जागोजागी लोक ते गवतच कापून सरकारले दाखवून राहिले होते. मास्तरनं ठरवलं, दिवाळीनंतर आपणही कापू. हातात काठी नाही, भाला नाही, नुसती ढाल. ढालवाले रांग धरतीन, त्यायच्या आडोशानं बाया अन् बाकीचे गवत कापतीन, मागं गाड्या उभ्या राहतीन त्यात भरून गावात आणाचं. अन् मास्तरनं एक गोष्ट सगळ्यायले बजावून सांगतली होती, मी माह्या कानानं ऐकली होती: बैल जुंपलेलेच ठेवा, कोणी सोडू नका, निघायची वेळ कधी येईल सांगता येत नाही.

आमी गेलो. मी विळा घेऊन बायांत होती. ऊन चढत होतं. गाड्या बाभळीखाली लागल्या. रांगेत जाण्याआधी मामाजी आपल्या गाडीपाशी आले, बैलायकडे पाह्यलं, अन् जू उतरवलं. आता काय सांगू. हात आपोआप गेला त्यायचा. बैल थांबला, जू उतरलं. मी म्हटलं, मामाजी, मास्तर सोडू नका म्हणत होते. ते म्हणाले, मास्तरले बैलाचं काय मालूम, हे काय घडीभराचं काम आहे, तोवर मानेवर ओझं घेऊन उन्हात उभे राहतीन का ते. वडील माणसानं सोडले ते पाहून बाकीच्यायनंही आपापले सोडले. सगळे माळी. एकाच्याही मनात आलं नाही की थांबावं. समोर कंबरभर गवत, बैल खाली मान घालून चराले लागले.

मंग जंगलातले शिपाई आले, संग पोलीस. त्यायचा साहेब होता एक रेंजर, नाव घेत नाही, तो आता नाही. लाठ्या सुरू झाल्या. मले वाटलं होतं आमचे बाप्ये पळतीन. खरं सांगते, मले तसंच वाटलं होतं. पण रांग हलली नाही. चामड्यावर लाठीचा असा आवाज होत होता जसा कोणी सूप बडवून राहिलं. बेगड उडून उडून गवतावर पडून राहिली होती. सुक्या मातीचा फुफाटा उठला, त्यात कोण कुठी ते दिसेना. मामाजीच्या उजव्या खांद्यावर, दंडावर, बरगडीवर लाठ्या बसत होत्या, ती बाजू उघडीच होती. पण डावा हात त्यायनं खाली येऊ देल्ला नाही. त्या हाताखाली पोरगा होता. आमच्या यायच्या अंगावर त्या दिवशी एक ओरखडा उठला नाही. तवा मले अभिमान वाटला. छाती भरून आली माही.

अन् एकाएकी मारणं थांबलं. शिपाई मागं सरले, हसत. आमाले वाटलं जितलो. फुफाटा खाली बसला तवा सासूबाई ओरडली, बैल कुठी गेले? बाभळीखाली रिकाम्या गाड्या. घुंगरायचा आवाज दूर, गावाच्या पलीकडं कोंडवाड्याच्या वाटेनं जाऊन राहिला होता. रेंजरनं आपली माणसं मागून फिरवून पाठवली होती. गाडीले जुंपलेल्या बैलाले ते हात लावत नव्हते, पण राखीव रानात मोकळं ढोर चरताना दिसलं की सरळ कोंडवाडा. ते त्यायच्या हातात आमीच देल्लं होतं. मामाजी रिकाम्या गाडीपाशी गेले अन् खाली पडलेलं जू उचलून दोन हातात धरून उभे राहिले.  

कार्तिक सरत आला होता. पाऊस केव्हाचाच गेलेला, मळ्याचा सगळा जीव मोटेवर. लोक दंड भराले गेले, तं रेंजर दंड घेईना. अर्ज घेईना. मास्तरच्या नावानं वारंट होतं अन् मास्तर आमच्या मळ्यातल्या खोपडीत लपले होते, हे त्याले पक्कं नाही पण अंदाजानं मालूम होतं. त्यानं एकच निरोप धाडला. मास्तर द्या, बैल न्या. नाही देत, तं चौदशीले सगळ्या बैलायचा हर्रास, लिलाव.

मास्तर म्हणत होते, थांबा, अमरावतीहून वकील येऊन राहिला. आमी थांबलो. मी अन् सासूबाई बादल्यायनं पाणी ओढलं. बादलीनं मळा भिजते का कधी? वांग्याची पानं दुपारची कान पाडून बसत. मंग सासूबाईनं मोटेचा नाडा स्वतःच्या खांद्यावर घेतला अन् धावेवरून, बैल चालतात त्या उतारावरून, खाली चालाले लागली. आमचे हे मागून लागले, मीही लागली. तिघांनी मिळून एक मोट वर आली अन् अर्धी सांडली. मामाजीचा उजवा हात गळ्यात बांधलेला, ते विहिरीच्या काठावर उभे राहून पाहत होते. बायकोच्या खांद्यावरचं कातडं सोललं ते त्यायले दिसलं. 

दुसऱ्या दिवशी ते कोंडवाड्यावर गेले. परत आले तं चेहरा राखेसारखा. म्हणाले, हौदात पाणी नाही. बांड्या खाली बसला आहे, उठत नाही. मले पाहून उठाले गेला, पाय सरकले त्याचे. एवढं सांगून हा माणूस लहान लेकरासारखा रडला. मी त्यायले तसं रडताना त्याआधी पाह्यलं नव्हतं. त्यानंतर दोनदाच पाह्यलं.

वकील आला नाही. चौदस उद्यावर आली. दुपारी सगळे ढालवाले आमच्या विहिरीपाशी जमले. सगळे मामाजीकडं पाहून राहिले होते, कारण ते वडील, अन् बैल पयले त्यायनंच सोडले होते. मास्तर खोपडीतून बाहेर आले. त्यायले कळलं होतं. म्हणाले:

"नत्थुजी, मला आत्ता निघून जाऊ द्या. सापडला नाही म्हणून सांगा."

मामाजी म्हणाले, "मंग बैल?"

मास्तर खाली पाहाले लागले. मामाजीनं पुन्हा विचारलं, मंग बैल, मास्तर? त्यात राग नव्हता हो. खरंच विचारून राहिले होते. या शिकलेल्या माणसाजवळ काही तोड असन तं त्यानं सांगावी, असं.  आमचे हे मधात आले. बाबा, म्हणाले, मोट मी ओढतो, मास्तरले जाऊ द्या. मामाजीनं पोराकडं पाह्यलं अन् भोवतीच्या सगळ्यायकडं हात केला. तू आपली ओढशीन, म्हणाले, यायची कोण ओढीन?

कोणाचे हात बांधले नाहीत. तसं बाजारात सांगतात, ते खोटं आहे. मास्तरले रेंजरच्या हाती द्याले निघाले तवा मास्तर मधात चालले अन् बाकीचे बाजूनं. मामाजी उजव्या टोकाले. आमचे हे तेवढे गेले नाहीत, ओढ्याकडं तोंड करून बसून राहिले. मी मास्तरले रोज भाकर नेऊन देत होती. मी थांबवलं का? नाही थांबवलं. माह्या डोळ्यापुढं सासूबाईचा खांदा होता, खाली बसलेला बांड्या होता. शिव्या द्याच्या तं मलेही द्या.

बैल सुटले. बांड्याले चौघायनं उचलून उभं केलं. पण रेंजर काही खुळा नव्हता. तो म्हणे आपल्या माणसाले बोलला, ज्यायनं आपला मास्तर देल्ला ते उद्या मले काय सोडतीन. गवत कापल्याचा अन् राखीव रानात ढोरं चारल्याचा गुन्हा प्रत्येकावर होताच. त्यानं सांगतलं, खटला चालवत नाही, पण सगळ्यायनं मेळघाटात सडकेच्या कामावर जाचं, उन्हाळा लागेपर्यंत. अन् एका ठिकाणी नाही. दोघं या खेड्यात, दोघं त्या खेड्यात, डोंगराच्या अल्याड-पल्याड. आमच्या यायचं नावही त्यात होतं. मास्तरले द्याले हे गेले नव्हते, हे सांगाचं कोणाले? मामाजी रेंजरच्या पाया पडले. म्हणाले, साहेब, पोराले माह्या जोडीले द्या, मंग कुठीही धाडा. साहेब म्हणाला, बापलेक एकत्र नाही. संपलं.

आमच्या गोठ्यात बैल आले अन् घरातून माणसं गेली. जाताना हे मले म्हणाले, जमुना, शिमग्याले येतो, मोटेवर नवं गाणं शिकवतो तुले. असे बोलके. गाडीत बसल्यावरही काहीतरी बोलत होते, मले चाकाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ते काय होतं, याचा मी अजून कधी कधी विचार करत बसते.

धारणीच्याही पलीकडं, डोंगराच्या आत, जिथं गाडीवाट संपते तिथं आमच्या यायले धाडलं होतं. मेळघाटचा हिवताप ज्याले मालूम आहे त्याले पुढचं सांगाले नको. कोयनेल, तापाचं औषध, त्या खेड्यापर्यंत पोचलंच नाही. जोडीदार आधी पडला, मंग हे पडले. कोरकू लोकायनं औषधपाणी केलं, जमलं तेवढं केलं, अन् शेवटी त्यायनंच जाळलं. मामाजी दोन डोंगर सोडून होते, त्यायले वर्दी नाही. काम सुटल्यावर ते धारणीच्या फाट्यावर येऊन बसले. पोरगा याच वाटेनं येईन, मंग दोघं मिळून घरी जाऊ, म्हणून. दिवसभर बसले. संध्याकाळी तिकडून लाकडाची गाडी आली, तिच्या गाडीवानानं सांगतलं.

पायी चालत ते घरी आले. अंगात ताप होता. मी अंगणात होती, मी त्यायच्या मागं पाह्यलं, मागं कोणी नव्हतं. ते आमच्याशी काही न बोलता सरळ गोठ्यात गेले. मले वाटलं, झालं, या माणसाले आधी ढोरंच दिसतात. मी रागानं मागं गेली. कुडाच्या आडून ऐकलं तं ते बैलाले सांगत होते. लाखाच्या मानेत हात घालून रडत होते अन् म्हणत होते, आपला चंद्रभान गेला रे. आमाले तोंडानं सांगाची त्यायच्यात ताकत नव्हती. सासूबाई तिथंच दारात खाली बसली. आमाले ते असं कळलं.

जे ढालवाले गेले त्यातले निम्मेच परत आले. ढाली तशाच आढ्याले टांगलेल्या होत्या. पुढं मोट फाटली तवा सासूबाईनंच आमच्या यायची ढाल काढली, चामडं भिजवून मोटेले ठिगळ लावलं. मी काही बोलली नाही. चामडं मोटेचंच होतं.

शिमगा झाल्यावर वर मोठ्या लोकायचा काहीतरी करार झाला अन् जेलातली माणसं सुटली. चांदुरात मास्तरले हार घातले, वाजतगाजत नेलं. अन् तेव्हापासून आमच्या नावानं तोंडं वाकडी होऊ लागली. पण मास्तर स्वतः एका दुपारी मळ्यात आले. वाळून गेले होते, दाढी पांढरी झाली होती. मामाजी मोट हाकत होते. त्यायनं मास्तरले पाह्यलं, मोट थांबवली, आधी जू उतरवलं, मंग येऊन बसले. मी पाणी देल्लं. गूळ नाही देल्ला, घरात होता तरी.

 मास्तरनं इकडंतिकडं पाह्यलं अन् विचारलं, चंद्रभान कुठे आहे. त्यायले मालूमच नव्हतं. सासूबाईनं सांगतलं.  मास्तरनं विचारलं, बाकीचे? कुठं कुठं पाठवलं होतं? मामाजीनं सांगतलं, दोघं दोघं करून, वेगवेगळ्या खेड्यात. हे ऐकल्यावर मास्तरनं दोन्ही हातायनं तोंड झाकलं. मले ते काही ठीक वाटलं नाही. माणूस मेल्याचं दुःख वेगळं अन् हे वेगळं होतं. मी सासऱ्यासमोर बाहेरच्या माणसाशी कधी बोलत नव्हती, पण त्या दिवशी बोलली. म्हटलं, मास्तर, तुमच्या त्या चांदीच्या ढालीवाल्यायचं शेवटी काय झालं? ते तुमी कधी सांगतलं नाही.

मास्तर म्हणाले, राहू दे जमुनाबाई. मी म्हटलं, नाही, सांगा.

मंग सांगतलं. सिकंदर मेल्यावर ते ज्या सरदाराच्या हाताखाली लढत होते तो त्यायच्या मुलखातला नव्हता, परका होता, मूळचा लिहिणारा कारकून. एका मोठ्या लढाईत ढालीवाले समोर जितले. पण मैदानात धूळ लय उठली होती. त्या धुळीच्या आडून शत्रूचे घोडेस्वार मागं गेले अन् त्यायच्या बायका, लेकरं, जन्मभराचं सामानसुमान, सगळं हाकून घेऊन गेले. शत्रूनं निरोप धाडला, तुमचा सरदार द्या, तुमचं न्या. त्यायनं देल्ला. शत्रूनं त्यायचं त्यायले परत केलं, पण त्यायच्यावर भरवसा नाही ठेवला. राज्याच्या पार टोकाले, दूरच्या मुलखात धाडून देल्लं, अन् तिथल्या सुभेदाराले सांगतलं, यायले दोघं-तिघं करून अशा जागी पाठव की परत येणार नाहीत. ते कोणी पुन्हा आपल्या गावचा समुद्र पाहू शकले नाहीत.

सासूबाईनं डोळ्याले पदर लावला.  मामाजीनं विचारलं:

"हे तुमाले आधीपासून मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मास्तर म्हणाले, "वाटलं, माझा तुमच्यावर विश्वास नाही असं तुम्ही समजाल."

मामाजीनं मान हलवली. रागावले नाहीत. मी वाट पाहून राहिली होती की आता तरी हा माणूस याले चार शब्द सुनावन. त्यायनं आपला उजवा खांदा दाबला, तो तवापासून धड वर होत नव्हता, अन् हिशेब केल्यासारखं हळूहळू बोलले:

"सांगतलं असतं तरी बैल मी सोडलेच असते, मास्तर. अन् तुमालेही देल्लंच असतं. पोट्टं तेवढं त्या दिवशी घरी ठेवलं असतं."

मास्तर उठले. चप्पल पायात घातली. कोणी त्यायले बसा म्हटलं नाही अन् जा म्हटलं नाही. बांधावरून ते दिसेनासे होईपर्यंत मामाजी तसेच बसून होते, डोळ्यातून पाणी गळून राहिलं होतं अन् ते पुसतही नव्हते. मंग त्यायनं मले हाक मारली, जमुना, बैल आण. डावा हात जुवाखाली घालून त्यायनं एक टोक उचललं, दुसरं मी उचललं. वाफ्यातली मिरची सुकून राहिली होती.